पेज दिसतंय, पण चालतंय का?

जावास्क्रिप्ट शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीलाच एक कोडं पडतं. बटण पडद्यावर समोर दिसतंय, कोडमध्ये त्याचा आयडी बरोबर लिहिलाय, तरी कन्सोलमध्ये लाल ओळ येते: असं काही सापडलं नाही, हाती आलं ते ‘नल’. कारण साधं आहे. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत जातो आणि वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग लागला की वाचन थांबवून आधी ती स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट वर, बटण खाली. स्क्रिप्ट चालली तेव्हा बटण अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. शिकवणारा मग सांगतो, पेज तयार झाल्यावर कोड चालव. कोडं सुटतं, आणि ते वाक्य पुढे वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही.

ते तपासलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पेज तयार झालं, पण कोणाच्या दृष्टीने? ब्राउझरच्या, आपल्या कोडच्या, की समोर बसलेल्या माणसाच्या? या धंद्यात त्यावर दोन पक्ष आहेत. ते मी इथे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातले आहेत. मावशी डायलअपच्या काळापासून वेबसाइटी बांधते, भाचा आजच्या फ्रेमवर्कमध्ये वाढलाय. दोघांपुढे काम एकच ठेवलंय: दहावीच्या निकालाचं पेज बांधायचंय. बैठक क्रमांकाचा रकाना, आईच्या नावाचा रकाना, एक बटण, आणि एकाच दुपारी त्यावर तुटून पडणारी लाखो घरं.

भाचा : माझं म्हणणं सरळ आहे, मावशी. पेज पूर्ण वाचून होईपर्यंत आपल्या कोडने कशालाही हात लावायचा नाही. पंगतीत सगळ्यांचं वाढून होतं, भातावर तूप पडतं, यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतात, मग पहिला घास. तोवर सगळे हात आवरून बसतात, म्हणून कोणाच्या हातावर आमटी सांडत नाही. डॉम-कंटेंट-लोडेड हा इव्हेंट म्हणजे यजमानांचा शब्द.

मावशी : पंगतीतला माणूस थांबतो, कारण वाढप चालू आहे हे त्याला दिसत असतं. निकालाचं पेज उघडलेल्या मुलीला काय दिसतं? दोन रकाने आणि बटण. तिच्या लेखी वाढून झालंय, ती सुरुवात करते. तुझ्या यजमानांचा शब्द तिला कधी ऐकूच जात नाही.

भाचा : पण तो शब्द मिळावा म्हणून तुमच्याच पिढीने जिवाचं रान केलं ना?

मावशी : केलं, आणि योग्य कारणासाठी केलं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ही भाषा बनवली. आमच्या हाती सुरुवातीला ऑनलोड एवढंच होतं. ऑनलोड म्हणजे चित्रं, स्टाइलशीट, फ्रेम, सगळं उतरल्यावर. फोनच्या तारेवरून एक मोठा फोटो रांगत रांगत यायचा आणि तोपर्यंत आमचा मेनू मुका. शिवाय दोन स्क्रिप्टनी ऑनलोडला आपापलं फंक्शन लावलं की दुसरी पहिलीला पुसून टाकायची. २००४ मध्ये सायमन विलिसन यांनी जुनं फंक्शन जपून नवं त्यामागे जोडणारा एक चिमुकला तुकडा लिहिला, तो आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतला. मग मोझिलाच्या ब्राउझरमध्ये डॉम-कंटेंट-लोडेड आलं: चित्रांसाठी थांबायचं नाही, एचटीएमएल वाचून झालं की पुरे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र ते नव्हतं. तिथे डिएगो पेरिनी यांची युक्ती चालायची. पेजला डावीकडे सरक म्हणून सांगायचं. डॉम, म्हणजे एचटीएमएल वाचून ब्राउझरने बांधलेला पेजचा सांगाडा, अपुरा असेल तर ब्राउझर एरर फेकायचा, की थोड्या मिलिसेकंदांनी पुन्हा तेच विचारायचं. एरर थांबली म्हणजे पेज तयार. जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जेक्वेरी मांडली, आणि पुढे ही सगळी यातायात तिच्या ‘रेडी’च्या पोटात गेली. मायक्रोसॉफ्टने हा इव्हेंट दिला तो थेट २०११ मध्ये, एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीत.

भाचा : आणि एवढं करून मिळवलेलं तू आता सोडून दे म्हणतेस.

मावशी : सोडून दे नाही म्हणत. ऑनलोडच्या मानाने तो क्षण फार लवकर यायचा, म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप. आता तोच उशिरा येतो. डिफर लावलेल्या सगळ्या स्क्रिप्ट आणि मोड्यूल उतरून, चालून झाल्याशिवाय डॉम-कंटेंट-लोडेड होत नाही. स्टाइलशीट रखडली की तिच्यामागची स्क्रिप्ट रखडते, तिच्यामागे हा इव्हेंट रखडतो. एचटीएमएल कधीच पडद्यावर आलेलं असतं. आमच्या वेळी पेजच हळू यायचं, त्यामुळे माणूस आणि कोड साधारण बरोबर पोचायचे. आता पेज आधी पोचतं आणि कोड मागाहून धापा टाकत येतो.

भाचा : हे मान्य. पण मी हा इव्हेंट ऐकतच नाही फारसा. स्क्रिप्ट हेडमध्ये ठेवतो आणि डिफर लावतो. डाउनलोड लगेच सुरू होतं, वाचन अडत नाही, वाचन संपलं की स्क्रिप्ट लिहिलेल्या क्रमाने चालतात. मोड्यूल असेल तर डिफर सांगावंही लागत नाही. मला भीती असिंकची. ती आली की चालली, क्रम नाही, ठिकाण नाही. आणि जाहिरातवाल्यांचं किंवा मोजणीचं कोणतं तरी साधन नंतर जी स्क्रिप्ट घुसवतं, ती तर आणखी फसवी. ती येईपर्यंत इव्हेंट होऊन गेलेला असतो. तिथे लिसनर लावून बसलं तर जन्मभर वाट पाहायची. आधी रेडी-स्टेट विचारायचं: ‘लोडिंग’ असेल तरच थांबायचं, नाहीतर लगेच चालवायचं. जेक्वेरी ही काळजी आतून घ्यायची. लोकांनी जेक्वेरी काढून टाकली आणि तिच्याबरोबर ही काळजीही गेली.

मावशी : हे तू फार बरोबर धरलंस. ‘माझ्याकडे चालतं, तिच्याकडे कधी चालतं कधी नाही’ अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं. कॅशमध्ये फाइल असली की स्क्रिप्ट वेळेवर येते, नसली की चुकते.

भाचा : मग ऐक माझा खरा मुद्दा. थांबण्यात आळस नाही, सचोटी आहे. समज, शाळेच्या निकालाची चारशे ओळींची यादी आहे आणि वर आपली स्क्रिप्ट ‘इतके टक्के उत्तीर्ण’ असं मोजून दाखवते. वाचन अर्ध्यावर असताना ती चालली तर अडीचशे ओळींचा हिशेब दाखवेल. एरर येणार नाही, लाल ओळ येणार नाही, आकडा आत्मविश्वासाने खोटा असेल. त्यापेक्षा बटण काही क्षण मुकं राहिलेलं परवडलं.

मावशी : इथे मी तुझ्याशी भांडणार नाही. अर्धवट डॉमला हात घालण्याचा प्रसाद आम्हीही खाल्लाय. एक्सप्लोररच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीत बॉडी बंद व्हायच्या आत तिच्यात काही जोडायला गेलं तर ‘ऑपरेशन अबॉर्टेड’ अशी खिडकी यायची आणि अख्खं पेज नाहीसं व्हायचं. कस्टम एलिमेंटमध्ये आजही हा खड्डा आहे. उघडणारा टॅग वाचला की त्याचं कनेक्टेड-कॉलबॅक चालतं, तेव्हा आतली मुलं अजून आलेलीच नसतात. मोजणी, बेरीज, क्रमवारी यांनी थांबलंच पाहिजे.

या ठिकाणी मला मध्ये बोलावंसं वाटतं, कारण वादाचा कणा इथेच आहे. ‘पेज तयार झाल्यावर कोड चालव’ या एका नियमाखाली दोन वेगळ्या जातींची कामं कोंबली गेली आहेत. चारशे ओळींची मोजणी हे अख्ख्या पेजवर अवलंबून असलेलं काम. त्याला थांबवणं हाच प्रामाणिकपणा. बटण दाबल्यावर काहीतरी होणं हे माणसाच्या हाताला दिलेलं उत्तर. त्याला अख्ख्या पेजसाठी थांबवायचं काहीच कारण नाही, कारण माणूस थांबलेला नाही. आपण दोन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये टाकतो, तिथून त्रास सुरू होतो. शिवाय सगळ्यांनी एकाच क्षणाची वाट पाहिली की त्या क्षणी सगळे एकदम धावतात, मेन थ्रेड गच्च भरतो आणि तेव्हाच कोणी बोट टेकवलं तर उत्तर आणखी लांबतं. गूगलने मार्च २०२४ पासून साइटच्या मोजमापात आयएनपी हा आकडा घेतला. हाताला उत्तर २०० मिलिसेकंदांच्या आत दिसावं अशी त्याची अपेक्षा आहे. पेज उघडतानाच्या क्लिकही त्यात मोजल्या जातात.

मावशी : आता निकालाच्या फॉर्मकडे ये. तुझ्या पद्धतीत फॉर्मला ॲक्शन नाही, मेथड नाही. बटण दाबलं की जावास्क्रिप्ट सबमिट अडवते आणि मागच्या मागे सर्व्हरला विचारते. बरोबर?

भाचा : हो, सगळेच तसं करतात.

मावशी : कोड यायच्या आधी मुलीने क्रमांक टाकला आणि एंटर दाबलं. अडवणारं कोणी नाही. ॲक्शन लिहिली नाही म्हणून ब्राउझर त्याच पत्त्यावर फॉर्म पाठवतो, मेथड लिहिली नाही म्हणून गेट धरतो. पेज पुन्हा उघडतं, रकाने रिकामे, आणि तिने टाकलेला बैठक क्रमांक आणि आईचं नाव वर पत्त्याच्या पट्टीत. निकालाचं सोड, हाच प्रकार लॉगिनच्या फॉर्मवर झाला तर पासवर्ड पत्त्यात जातो, तिथून हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये.

भाचा : हे मी होताना पाहिलंय. मंद नेटवर होतं.

मावशी : आणि रेडी झाल्यावर पहिल्या रकान्यात फोकस नेणारी ओळ? मुलगी दुसऱ्या रकान्यात आईचं नाव टाइप करतेय, तेवढ्यात तुझा कोड जागा होतो आणि कर्सर पहिल्या रकान्यात ओढून नेतो. अर्धं नाव खाली, अर्धं वर. लॉगिनला तर पासवर्डची उरलेली अक्षरं युजरनेमच्या रकान्यात सगळ्यांदेखत उमटतात. कोड स्वतःपुरता तयार झाला आणि त्याला वाटलं माणूसही आत्ताच आलाय.

भाचा : ठीक आहे, मग कोड येईपर्यंत बटण डिसेबल ठेवू. करड्या रंगाचं बटण म्हणजे ‘थांबा’ हे सगळ्यांना कळतं.

मावशी : आणि कोड आलाच नाही तर?

भाचा : किती जणांच्या बाबतीत होणार ते?

मावशी : ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने २०१३ मध्ये मोजलं होतं. जावास्क्रिप्टने मिळणारी सुधारणा न पोचलेले १.१ टक्के निघाले. त्यांतले ०.२ टक्के जाणूनबुजून बंद केलेले किंवा ज्यांच्या ब्राउझरला जमतच नाही असे. उरलेले ०.९ टक्के कोण? ज्यांच्याकडे जावास्क्रिप्ट चालू होती, चालायला हवी होती, पण चालली नाही.

भाचा : शंभरात एक. दहा वर्षांहून जुना आकडा, तोही दुसऱ्या देशाचा.

मावशी : तो एक कायम एकच माणूस असतो असं समजू नकोस. पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी लोणावळ्याच्या पुढे घाटात शिरते, बोगद्यांमागून बोगदे येतात. एचटीएमएल उजेडात उतरलं, स्क्रिप्ट बोगद्यात अडकली. त्या वेळी तो शंभरातला एक तू असतोस. डिसेबल बटण घेऊन बसलेला, आणि ते कधी जागं होणार हे सांगणारं कोणी नाही. एचटीएमएलमध्ये डिसेबल लिहून ते जावास्क्रिप्टने काढायचं, यात तू किल्ली अशा माणसाकडे दिलीस जो कदाचित येणारच नाही.

भाचा : मग तूच सांग, तुझं पेज कसं असेल?

मावशी : ॲक्शन लिहिलेला, पोस्ट मेथडचा साधा फॉर्म. रकाना रिकामा चालणार नाही हे रिक्वायर्ड सांगतं, क्रमांकाचा साचा पॅटर्न सांगतं; दोन्ही एचटीएमएलमध्येच, ब्राउझर स्वतः तपासतो. बटण पहिल्या क्षणापासून खरं. नंतर तुझी स्क्रिप्ट आली तर तिने पेज न बदलता निकाल आणून दाखवावा, उत्तमच. स्टीव्हन शॅम्पिअन यांनी २००३ मध्ये प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट म्हणून मांडलं ते हेच.

भाचा : म्हणजे तेच काम दोनदा लिहायचं. एकदा सर्व्हरवर, एकदा ब्राउझरमध्ये.

मावशी : सर्व्हरवरची तपासणी तुला तशीही लिहावीच लागते. ब्राउझरला वगळून कोणीही थेट विनंती पाठवू शकतो.

भाचा : तपासणी हो, पण निकालाचं अख्खं पेज सर्व्हरवर रंगवायचं, शिवाय तेच घटक ब्राउझरमध्ये, आणि दोन्ही एकसारखे दिसायला हवेत. तीन जणांच्या टीमला हे किती जड जातं ते तू मोजत नाहीस. आणि सगळी पेजेस फॉर्मइतकी सोपी नसतात. नकाशा आहे, ओढून जागा बदलायची यादी आहे, तिथे जावास्क्रिप्टशिवाय काय दाखवणार?

मावशी : तिथे नाही जमणार, खरंय. पण तिथेही हात ऐकून ठेवता येतो. हेडमध्ये आठ-दहा ओळींचा लिसनर थेट डॉक्युमेंटवर लाव. क्लिक वर चढत चढत डॉक्युमेंटपर्यंत येतेच, त्यामुळे बटण नंतर जन्मलं तरी फरक पडत नाही. क्लिक नोंदवून ठेवायची आणि मोठा कोड आला की त्याच्या हवाली करायची. अँग्युलरच्या अठराव्या आवृत्तीत २०२४ मध्ये इव्हेंट रिप्ले आलं, ते याच विचाराचं.

भाचा : आणि मुलाने वाट पाहून तीनदा बटण दाबलं असेल तर? कोड येतो आणि तीन क्लिक एकामागून एक चालवतो. मेनूच्या बाबतीत तो उघडून मिटून पुन्हा उघडेल, हसून सोडून देऊ. फी भरायचं बटण असेल तर? नोंदवलेली क्लिक ही शिळी क्लिक आहे, मावशी. तीन सेकंदांपूर्वी माणसाला जे हवं होतं ते आत्ता हवं असेलच असं नाही. तोवर त्याने खाली स्क्रोल केलं असेल, दुसरीकडे वळला असेल, आणि मग अचानक काहीतरी उघडतं.

मावशी : हा तुझा सगळ्यांत जोरकस मुद्दा आहे. म्हणून ऐकल्याची खूण त्याच क्षणी दाखवायला हवी, बटणाचा रंग बदलू दे, ‘शोधत आहे’ येऊ दे. पहिल्या क्लिकनंतर तेच बटण पुन्हा स्वीकारू नये. आणि पैशाच्या कामात प्रत्येक व्यवहाराला एक खूण-क्रमांक देऊन सर्व्हरनेच दुसरी विनंती ओळखून परतवावी.

भाचा : पहिल्या क्लिकनंतर बटण बंद केलंस. फॉर्म गेला, निकाल दिसला, मुलगी मैत्रिणीचा निकाल बघायला बॅक दाबते. ब्राउझर पेज आठवणीतून जसंच्या तसं आणतो. डॉम-कंटेंट-लोडेड पुन्हा होत नाही, लोडही होत नाही. बटण मेलेलंच.

मावशी : तिथे पेज-शो ऐकायचं. तो आठवणीतून परत आलेल्या पेजवरही होतो आणि पर्सिस्टेड विचारलं की पेज परत आलेलं आहे हेही सांगतो. त्यात बटण मोकळं कर. बघ, तूच दाखवून दिलंस की एकदाच घडणारा क्षण धरून चालत नाही.

भाचा : मी दाखवलं ते हे, की तुझ्या प्रत्येक उपायाला आणखी एक उपाय लागतो. माझा एक नियम नवीन आलेल्या मुलाला पाच मिनिटांत समजतो. तुझी पद्धत समजायला त्याला वर्ष लागेल, आणि तोपर्यंत तो निकालाचं पेज बांधत असेल.

मला भाच्याचं हे बोलणं सहज झटकून टाकता येत नाही. जाणकाराच्या हातात शोभणारी पद्धत आणि घाईत, कमी माणसांत टिकणारी पद्धत यांत अंतर असतं, आणि सार्वजनिक कामाची बरीच पेजं दुसऱ्या परिस्थितीत बांधली जातात. तरी त्या अंतराचा भार बोगद्यातल्या मुलीवर टाकावा हे मला पटत नाही. साधा फॉर्म लिहायला नवख्या मुलाला वर्ष लागत नाही. उलट एचटीएमएल आधी आणि स्क्रिप्ट मागून, या क्रमाने शिकवलं तर त्याला शिकायला कमीच लागतं.

मावशी : देवनागरीचंच बघ. निकालाच्या वर शाळेचं लांबलचक नाव, ते एका ओळीत बसतं का हे मोजून तू अक्षरं लहान करतोस. कधी मोजतोस?

भाचा : डिफरच्या स्क्रिप्टमध्ये. डॉम तयार असतो तेव्हा.

मावशी : डॉम असतो, फॉन्ट असेलच असं नाही. वेबफॉन्टची फाइल बहुधा मागाहून येते, आणि देवनागरीची फाइल जोडाक्षरांमुळे बरेचदा रोमनपेक्षा जड. तू मोजलंस ते फोनमधल्या पर्यायी फॉन्टमध्ये. खरा फॉन्ट आला की नाव दुसऱ्या ओळीत गेलं आणि खालचं सगळं हललं. तिथे डॉक्युमेंटच्या फॉन्ट-रेडीची वाट पाहायला हवी. चित्राची मापं हवी असतील तर त्या चित्राच्या लोडची. ज्या कामाला जे लागतं, त्याने तेवढ्याचीच वाट पाहावी.

भाचा : मान्य. पण मग मोजायचंच कशाला? नाव दोन ओळींत जाऊ दे.

मावशी : आता कसं माझ्या मनातलं बोललास!

भाचा : बरं, गुणपत्रिका छापायचं बटण? ते स्क्रिप्टशिवाय चालूच शकत नाही.

मावशी : मग ते एचटीएमएलमध्ये ठेवूच नकोस, स्क्रिप्टनेच तयार करावं. स्क्रिप्ट आली नाही तर बटण नाही, निदान दाबून फसगत होणार नाही.

भाचा : मध्येच उगवलं की खालची गुणांची ओळ खाली ढकलणार, आणि कोणी तिथे बोट ठेवत असेल तर चुकीच्या जागी पडणार.

मावशी : त्याची जागा सीएसएसमध्ये आधीच राखून ठेव.

भाचा : आणि तुझ्या त्या हेडमधल्या आठ-दहा ओळी? कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी नीट लावलेली असेल तर पेजमध्येच लिहिलेली स्क्रिप्ट ब्राउझर चालवत नाही. ऑडिटवाले ती सैल करू देणार नाहीत.

मावशी : सैल करायची नाही, त्या ओळींचा हॅश पॉलिसीत द्यायचा. पण निकालाच्या पेजला त्या ओळी लागतच नाहीत. फॉर्म स्वतःच चालतो.

भाचा : चारशे ओळींची मोजणी मात्र माझ्या डिफरच्या फाइलमध्ये राहील, वाचन संपल्यावरच.

मावशी : ती तशीच राहू दे. किंवा टक्केवारी सर्व्हरनेच काढून पाठवावी, त्याच्याकडे सगळ्या ओळी आधीच आहेत.

भाचा : ते नंतर बोलू. आधी डेव्हटूल्समध्ये स्क्रिप्टची फाइल ब्लॉक करून फॉर्म भरून बघतो. मग ब्लॉक काढून नेट मंद करतो आणि कोड यायच्या आत एंटर दाबतो.

मावशी : आणि निकाल आला की बॅक दाबून दुसरा क्रमांक टाक. लॅपटॉपवर नको, घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर.